छंदाच्या ग्रुपात राजकीय चर्चेला जागा कशी द्यावी

'इथे राजकारण नको' ही पाटी लावायला एक मिनिट लागतं. म्हणून छंदाच्या बहुतेक ग्रुपांत ती पहिल्या दिवसापासून असते. पाळायला मात्र ती फार अवघड आहे, कारण कुठलाच छंद सरकारच्या, कंपन्यांच्या आणि संस्थांच्या निर्णयांच्या बाहेर नसतो. 2 जानेवारी 2017 पासून रोझवुडच्या, म्हणजे डालबर्जियाच्या, सगळ्या जाती वन्यजीव व्यापाराच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आल्या. हौसेने गिटार बनवणाऱ्यांना आणि जुनी गिटार दुसऱ्या देशात विकणाऱ्यांना अचानक परवान्यांची चौकशी करावी लागली. मे 2019 मध्ये स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले 60 उपग्रह सोडले गेले आणि हौशी आकाशनिरीक्षकांच्या फोटोंत रेघा उमटू लागल्या. 1 नोव्हेंबर 2023 रोजी अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांची व्यक्तींवरून पडलेली इंग्रजी नावं बदलण्याचं जाहीर केलं आणि पक्षीनिरीक्षकांत दोन तट पडले. यांतल्या एकाही गोष्टीवर बोलायचं नाही असं ठरवलं, तर छंदाच्याच एका मोठ्या भागावर बोलायचं नाही असं होतं.

बंदीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. 'राजकारण' कशाला म्हणायचं हे कुठेही लिहिलेलं नसलं, की ते मॉडरेटरच्या, म्हणजे ग्रुपवर देखरेख करणाऱ्याच्या, अंदाजावर ठरतं. त्याला पटणारं मत 'माहिती' म्हणून राहतं, खटकणारं मत 'राजकारण' म्हणून उडतं. हे तो मुद्दाम करतो असं नाही. ज्याच्याशी आपण सहमत असतो ते आपल्याला साधं सामान्यज्ञान वाटतं, इतकंच. पण ज्यांचे प्रतिसाद उडतात त्यांना हा फरक चांगला दिसतो, आणि ते एकेक करून वाचनमात्र होतात किंवा निघून जातात.

छंदाच्या ग्रुपात अशी चर्चा होणं लाभाचं का, याला आधार आहे. मॅग्डालेना वोयचेशाक आणि डायना मट्झ यांचा अमेरिकेतल्या ऑनलाइन गटांवरचा अभ्यास 2009 मध्ये 'जर्नल ऑफ कम्युनिकेशन'मध्ये आला. राजकारणासाठीच निघालेल्या गटांत माणसं बहुतेक समविचारीच भेटतात. विरुद्ध मताशी खरी गाठ पडते ती जिथे राजकारण हा मुख्य विषय नसतो आणि ओघात निघतो, अशा गटांत. कारण उघड आहे. ज्याने तुमच्या बंद पडलेल्या सर्किटमधला चुकीचा जोड शोधून दिला, त्याचं न पटणारं मतही तुम्ही शेवटपर्यंत वाचता. अनोळखी माणसाचं तसं मत पहिल्या ओळीतच टाकून देता. ही ओळख कमावलेली असते. राजकीय चर्चेसाठी वेगळा ग्रुप काढला तर ती तिथे आपोआप येत नाही.

चर्चा सुरू करण्याआधी

मॉडरेटर निदान तीन हवेत. दोघांत मतभेद झाला तर निर्णय अडतो. शिवाय एखादा मॉडरेटर स्वतः चर्चेत उतरला की त्याला त्या धाग्यापुरतं, म्हणजे त्या एका विषयाखालच्या चर्चेपुरतं, बाजूला व्हावं लागतं, तेव्हा मागे दोघे तरी उरले पाहिजेत. तिघांपैकी एकाची राजकीय मतं बाकीच्या दोघांहून वेगळी आहेत का, हे एकमेकांना सरळ विचारा. नसतील, तर छंदात ज्याचा मान आहे आणि ज्याची मतं तुमच्याहून वेगळी आहेत अशा जुन्या सदस्याला ही जबाबदारी द्या. इथे भीड बाळगू नका. तिन्ही मॉडरेटर एकाच मताचे असतील तर पुढचा एकही नियम कुणाला न्याय्य वाटणार नाही, मग तो कितीही काळजीपूर्वक लिहा.

मग मागच्या तीन महिन्यांत उडवलेले प्रतिसाद आणि बंद केलेले धागे काढून बसा. तीन याद्या करा: छंदाशी थेट संबंध असलेले, फक्त राजकीय असलेले, आणि निव्वळ शिवीगाळ. बहुतेक ठिकाणी पहिली यादी अपेक्षेपेक्षा लांब निघते. कोणत्या विषयांना जागा हवी आहे ते तिच्यावरूनच कळतं.

काही ग्रुपांनी हा प्रयोग करूच नये. लहान मुलं मोठ्या संख्येने सदस्य असतील तर नको. जिथे उघड बोलल्याने सदस्याची नोकरी, मोकळीक किंवा जीव धोक्यात येऊ शकतो आणि ग्रुपवर खरी नावं किंवा फोन नंबर दिसतात, तिथेही नको. निवडणूक महिन्याभरावर आली असेल तर ती होऊन जाऊ द्या. नव्या नियमांना रुळायला शांत काळ लागतो.

तीन कप्पे

सगळ्या राजकारणाला एकच नियम लावला की एकतर सगळं बंद होतं, नाहीतर सगळं मोकाट सुटतं. विषयांचे तीन कप्पे करा.

पहिल्या कप्प्यात छंदाला भिडणारी धोरणं येतात. कसोटीचा प्रश्न असा ठेवा: या निर्णयामुळे आपल्या छंदाचं साहित्य, जागा, परवाना, खर्च किंवा सुरक्षितता बदलते का? उत्तर 'हो' असेल तर चर्चा मुख्य विभागात, 'धोरण' असा टॅग लावून होईल. ती अवांतर नाही. युरोपियन युनियनने 15 फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांजवळ शिशाच्या छऱ्यांवर आणलेली बंदी नेमबाजांच्या ग्रुपात याच कप्प्यात बसते. ऑनलाइन गेमचा सर्व्हर कंपनीने बंद केल्यावर विकत घेतलेल्या गेमचं काय, हा प्रश्न गेमिंगच्या ग्रुपात याच कप्प्यात बसतो.

दुसऱ्या कप्प्यात बाकीचं सर्वसाधारण राजकारण: पक्ष, निवडणुका, युद्धं, अर्थकारण. त्याला वेगळी खोली द्या, आणि त्या खोलीत सदस्याने स्वतःहून प्रवेश मागायला हवा अशी सोय करा. कुणालाही तिथे आपोआप ओढू नका, तिथल्या सूचना मुख्य पानावर झळकू देऊ नका. प्रवेशासाठी एक अट ठेवा: निदान तीस दिवसांचं सदस्यत्व आणि छंदाच्या विभागांत निदान वीस प्रतिसाद. आकडा तुमच्या ग्रुपच्या गतीनुसार कमीजास्त करा, पण अट काढून टाकू नका. ज्या ओळखीच्या बळावर ही चर्चा चालणार आहे ती ओळख या वीस प्रतिसादांत होते. शिवाय फक्त भांडायला आलेले डुआयडी (एकाच माणसाची दुसऱ्या नावाची खाती) इथेच गळतात. पतंगांबद्दल वीस कामाचे प्रतिसाद लिहिण्याइतका धीर त्यांच्याकडे नसतो.

तिसऱ्या कप्प्यातलं कुठेच चालणार नाही. धमकी, कुणाची खाजगी माहिती, हिंसेची भलामण हे उघडच आहे. त्याखेरीज एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहा: धर्म, जात, वंश, लिंग किंवा देश यांवरून एखाद्या सदस्याने इथे असावं की नसावं, हा चर्चेचा विषय होऊ शकत नाही. कायद्यावर वाद घाला, समोरच्याच्या अस्तित्वावर नाही. ही ओळ नसेल तर अल्पसंख्य सदस्यांना प्रत्येक चर्चेत स्वतःची बाजू मांडत बसावं लागतं. तो भार त्यांच्यावर टाकून इतरांना मोकळेपणा देणं अन्यायाचं आहे.

हे तीन कप्पे मॉडरेटरांना एकाच उदाहरणावर पटकन समजतात. 'आयात कर वाढल्याने लेन्स महागल्या, हा कर योग्य आहे का?' हा पहिला कप्पा. 'कर लावणाऱ्या पक्षाचं अर्थकारणच चुकलेलं आहे' हा दुसरा, म्हणून ते बोलणं त्या खोलीत. 'त्यांना मत देणारे सगळे बिनडोक आहेत' हे मुख्य विभागातही नाही आणि त्या खोलीतही नाही.

धागा पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात सरकणं रोजचं असणार. ती चूक समजू नका. ज्या प्रतिसादापासून विषय सरकला तिथून पुढचे प्रतिसाद खोलीत हलवा आणि मूळ धाग्यात एक ओळ ठेवा: 'पक्षांबद्दलची चर्चा खोलीत हलवली आहे, दुवा इथे. लेन्स आणि कराबद्दलची चर्चा इथेच चालू राहील.' हलवणं आणि उडवणं यांत माणसाच्या लेखी फार मोठा फरक असतो.

एक वेगळा मार्गही आहे आणि त्याची या मार्गाशी गल्लत करू नये. विणकाम करणाऱ्यांच्या 'रॅव्हेलरी' या संकेतस्थळाने 23 जून 2019 रोजी डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या प्रशासनाला पाठिंबा दर्शवणाऱ्या मजकुरावर बंदी घातली. वर्णवर्चस्ववादाला पाठिंबा चालू देऊन सर्वांना सामावून घेता येत नाही, असं कारण त्यांनी दिलं. भूमिका-खेळ खेळणाऱ्यांच्या 'आरपीजी.नेट'ने 2018 मध्ये केलेल्या नियमावर ते धोरण बेतलं होतं. ती ग्रुपने घेतलेली बाजू होती, आणि ती त्यांनी उघडपणे, कारणासहित घेतली. तुमच्या ग्रुपला बाजू घ्यायची असेल तर तशीच जाहीर घ्या. 'सर्व मतांचं स्वागत' असं लिहून आतून एकाच मताचे प्रतिसाद उडवणं सर्वांत वाईट, कारण त्यात दोन्ही बाजूंचा विश्वास जातो.

नियम लिहिताना

लांबलचक नियमावली कुणी वाचत नाही. मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल इतकंच लिहा. 'सभ्य भाषा वापरा' असले शब्द टाळा, कारण प्रत्येकाची सभ्यता वेगळी. दिसेल आणि मोजता येईल असं वर्तन सांगा. नमुना असा:

'धोरण टॅगच्या धाग्यात मत मांडताना आधी समोरच्याचा मुद्दा एका वाक्यात मांडा, मग उत्तर द्या. मुद्द्यावर बोला, माणसावर नाही. आकडा किंवा बातमी दिलीत तर मूळ दुवा द्या. आलेले फॉरवर्ड जसेच्या तसे टाकू नका. एका धाग्यात एका दिवसात तीन प्रतिसाद. पक्षाचा प्रचार, निधी गोळा करणं, मोर्चाचं आमंत्रण इथे नको. नियम मोडलेला प्रतिसाद कारण सांगून काढला जाईल. हरकत असेल तर तिन्ही मॉडरेटरांना एकत्र कळवा.'

यातली पहिली ओळ सर्वांत जास्त काम करते. समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहायचा म्हणजे तो आधी नीट वाचावा लागतो. निम्मे गैरसमज तिथेच दिसतात आणि मिटतात. सुरुवातीला लोकांना हे कृत्रिम वाटतं, तरी आग्रह सोडू नका. तीन प्रतिसादांची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. मर्यादा नसली की शेवटी सर्वांत जास्त मोकळा वेळ असलेल्या दोघांचाच वाद उरतो.

नियम कोपऱ्यातल्या पानावर ठेवून भागत नाही. प्रत्येक धोरण-धाग्याच्या अगदी वर ते चिकटवा. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका मोठ्या विज्ञान समूहात जे. नेथन मटायस यांनी प्रयोग केला होता. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. चर्चेच्या माथ्यावर नियम ठेवल्यावर नवख्यांनी नियम पाळण्याचं प्रमाण 8 टक्के-अंकांहून जास्त वाढलं, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी 70 टक्क्यांनी वाढला. नियम दिसले की लोक बुजतात, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. इथे कुणी अंगावर धावून येणार नाही एवढं कळलं की माणसं बोलू लागतात.

धागा उघडताना

चर्चा कशी चालेल हे बरंचसं पहिल्या पोस्टवर आणि पहिल्या पाच-दहा प्रतिसादांवर ठरतं. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं, की मनःस्थिती बिघडलेली असली आणि वरचे प्रतिसाद आक्रस्ताळे असले, तर एरवी नीट लिहिणारी माणसंही तसंच लिहू लागतात. म्हणून धागा उघडणाऱ्याकडून पाच गोष्टी मागा: निर्णय नेमका काय आहे ते दोन-तीन वाक्यांत, मूळ दस्तऐवजाचा दुवा, बातमीचा नव्हे, तो कधीपासून लागू होतो ती तारीख, छंदातल्या कुणाकुणावर परिणाम होतो, आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर अनुभवातून देता येईल.

शेवटच्या अटीवर अधिक लक्ष द्या. 'ड्रोनवरचे नियम जाचक नाहीत का?' या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. धाग्यात शिरणारा एकतर होकार देणार किंवा भांडणार. 'ओळख प्रक्षेपित करणारं यंत्र बसवल्यावर तुमच्या उड्डाणात काय बदललं, आणि नियमातला कोणता भाग तुम्ही ठेवाल, कोणता काढाल?' या प्रश्नावर मात्र शेजारी विमानतळ असलेला माणूस, घरी मॉडेल बनवणारा आणि शेतावर ड्रोन उडवणारा असे तिघेही वेगवेगळं काही सांगू शकतात. ड्रोनने उडताना आपली ओळख प्रक्षेपित करावी, या अमेरिकेतल्या नियमाची कडक अंमलबजावणी 16 मार्च 2024 नंतर सुरू झाली, तेव्हा अनुभव असलेली माणसं प्रत्येक मोठ्या ड्रोन-ग्रुपात आहेत. मतांआधी अनुभव मागितला की विरुद्ध मताच्या माणसाकडेही सांगण्यासारखं काहीतरी निघतं.

धागा उघडण्याआधी दोन भिन्न मतांच्या जाणत्या सदस्यांना कळवा आणि पहिल्या तासात सविस्तर लिहायची विनंती करा. यात फसवणूक काही नाही. सुरुवात कशी व्हावी याची ही काळजी आहे. धागा सकाळी किंवा दुपारी उघडा, मॉडरेटर जागे असतील अशा वेळी. रात्री अकराला उघडलेला धागा सकाळपर्यंत मुद्द्यावरून गुद्द्यावर आलेला असतो.

वेग आवरणं

वाद चिघळतो तो बहुतेक वेगामुळे. डिस्कॉर्डवर 'स्लो मोड', म्हणजे एका सदस्याच्या दोन संदेशांत ठरावीक वेळ जाऊ देण्याची सक्ती, सहा तासांपर्यंत लावता येतो, टेलिग्रामच्या ग्रुपात एक तासापर्यंत. धोरण-धाग्याला सुरुवातीपासून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तापलं तर एक तास करा. भांडण लागल्यावर पहिल्यांदा स्लो मोड लावला तर तो शिक्षेसारखा वाटतो. पहिल्यापासून असला तर त्या जागेची रीत वाटतो.

व्हॉट्सअॅपवर धागे वेगळे पडत नाहीत. एका राजकीय संदेशाखाली छंदाचे दहा संदेश गाडले जातात, आणि सगळ्यांचा रोष तिथूनच सुरू होतो. तिथे कम्युनिटी करून तिच्यात स्वतंत्र चर्चा-ग्रुप काढा आणि इच्छुकांनाच घ्या. 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात' ही सोय रात्री दहा ते सकाळी आठ चालू ठेवा. ती वेळ ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा, नाहीतर रोज रात्री कुणाचं तरी तोंड दाबल्याचा आरोप येईल. प्रत्येक उत्तर मूळ संदेशाला 'रिप्लाय' करूनच द्यायचं, हा एक नियम तिथे वाढवा. त्याशिवाय कोण कुणाला काय म्हणतंय हे वीस संदेशांनंतर कुणालाच कळत नाही.

धाग्याला शेवटची तारीख द्या. पाच ते सात दिवस पुरतात. धोरणावरच्या नव्या गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊन जातात, पुढे शिळ्या कढीला ऊत येतो.

मॉडरेटरने काय करावं

ज्या धाग्यात स्वतः मत मांडलं, तिथे मॉडरेटरने एकही प्रतिसाद हलवू किंवा उडवू नये. दुसऱ्याला सांगावं. अपवाद फक्त धमकीचा आणि खाजगी माहितीचा, कारण त्यात मिनिटं महत्त्वाची असतात. मॉडरेटर म्हणून लिहिलेला संदेश आणि सदस्य म्हणून लिहिलेलं मत डोळ्यांना वेगळं दिसलं पाहिजे. सोय नसेल तर संदेशाची सुरुवात 'मॉडरेटर म्हणून:' अशी करा.

हस्तक्षेप पायरीपायरीने वाढवा. आधी धाग्यातच, कुणाचं नाव न घेता आठवण. मग त्या सदस्याला खाजगीत समज. मग त्या धाग्यात लिहिण्यास चोवीस तास मनाई. मग खोलीतून तीस दिवस बाहेर. शेवटच्या दोन पायऱ्यांत छंदाचे विभाग त्याला खुलेच राहू द्या. राजकीय खोलीत वाईट वागलेला माणूस लाकूडकामाच्या विभागात उत्तम सदस्य असू शकतो, आणि तो तिथे टिकला तर महिन्याने परत आल्यावर बहुधा सांभाळून बोलतो. संपूर्ण ग्रुपमधून काढणं हे धमकी, छळ आणि डुआयडींपुरतं ठेवा.

प्रतिसाद काढला की कारण द्या, दोन ओळींत, आणि पुढे काय करता येईल तेही सांगा: 'तुमच्या प्रतिसादातला कराच्या दराबद्दलचा मुद्दा योग्य आहे. शेवटची दोन वाक्यं दुसऱ्या सदस्यावर होती म्हणून प्रतिसाद काढला. ती वगळून पुन्हा टाका, आम्ही लगेच प्रसिद्ध करू.' रेडिटवरच्या काढलेल्या पोस्टींचा मोठा अभ्यास 2019 मध्ये झाला. कारण सांगितलेल्या सदस्यांच्या पुढच्या पोस्टी काढाव्या लागण्याची शक्यता कमी होते, असं त्यात दिसलं. कारण लिहायला मिनिटभर लागतं. न लिहिल्यास तोच वाद आठवडाभर मागे लागतो.

एक साधा तक्ता ठेवा: तारीख, धागा, काय काढलं, कोणत्या नियमाखाली, कोणी काढलं, मत कोणत्या बाजूचं होतं. शेवटचा रकाना भरायला अवघड वाटेल. तो भराच. पक्षपाताचा आरोप येणारच आहे, आणि तेव्हा आठवणीवर विसंबून उत्तर देता येत नाही. एकाच बाजूचे प्रतिसाद जास्त उडालेले दिसले तर त्याचा अर्थ लगेच पक्षपात असा होत नाही. त्या बाजूचे दोन-तीनच सदस्य वारंवार नियम मोडत असतील. पण ते वेगवेगळ्या सदस्यांचे असतील, तर काढलेले दहा प्रतिसाद नावं झाकून वेगळ्या मताच्या मॉडरेटरला दाखवा आणि त्याचा निर्णय काय झाला असता ते विचारा.

कुठे बिघडतं

एकाच मुद्द्याचा सदस्य प्रत्येक धागा तिकडे ओढतो. त्याला त्या मुद्द्याचा स्वतःचा धागा उघडून द्या आणि इतरत्र त्याचा तोच मुद्दा आला की तिकडे हलवा. बहुतेकदा एवढ्याने भागतं, कारण त्याची तक्रार 'मला कुणी ऐकत नाही' अशी असते आणि त्यात तथ्यही असतं.

एकावर दहाजण तुटून पडतात. दहाही प्रतिसाद एकेकटे पाहिले तर नियमात बसतात, म्हणून मॉडरेटर गोंधळतो. इथे नियम संख्येवर लावा: एका सदस्याला तीन अनुत्तरित प्रतिसाद असतील तर त्याचं उत्तर येईपर्यंत चौथा थांबेल. हे धाग्यात उघडपणे लिहा. कमी संख्येच्या मताचा एकटा माणूस टिकून राहिला, तरच त्या चर्चेला अर्थ आहे. तो गेला की उरलेले सगळे एकमेकांना होकार देत बसतात.

खोलीतल्या संभाषणाचा स्क्रीनशॉट बाहेर जातो आणि सदस्याला कामाच्या ठिकाणी त्रास होतो. तांत्रिक उपाय यावर जवळजवळ नाही. म्हणून प्रवेश देतानाच सांगा, की इथे लिहिलेलं बाहेर जाऊ शकतं हे धरून लिहा, आणि मुद्दाम बाहेर नेणाऱ्याला खोलीतून कायमचं काढलं जाईल. खोटी गोपनीयता कबूल करू नका.

राजकीय राग छंदाच्या विभागात गळतो. कालच्या वादातला माणूस आज विणलेल्या स्वेटरचा फोटो टाकतो आणि खाली टोमणा येतो. हा गळका प्रकार पहिल्याच वेळी थांबवा, समज न देता थेट चोवीस तासांची मनाई. बाकी सगळीकडे सैल राहिलात तरी इथे कडक राहा. कामाच्या धाग्यात उणीदुणी निघू लागली की ज्यांना राजकारणात रसच नाही अशी माणसं सोडून जातात, आणि त्यांची तक्रार अगदी योग्य असते.

निवडणुकीच्या काळात प्रचार माहितीच्या वेशात येतो. मतदानाच्या दोन आठवडे आधीपासून निकालापर्यंत खोलीत नवे धागे मॉडरेटरच्या मंजुरीनेच उघडतील, असं आधीच जाहीर करा. निकालाच्या दिवशी खोली चोवीस तास वाचनमात्र ठेवा. जिंकलेल्यांचा आनंद आणि हरलेल्यांचा राग, दोन्ही एका दिवसात उतरतात.

सहा आठवड्यांनी

सुरुवात 'सहा आठवड्यांचा प्रयोग' म्हणूनच जाहीर करा आणि शेवटी आकडे पाहा. खोलीत किती संदेश आले हा आकडा निरुपयोगी आहे, दोन माणसंही हजार संदेश लिहितात. पाहायचं ते हे: किती वेगवेगळ्या सदस्यांनी लिहिलं, छंदाच्या विभागांतले नवे धागे आधीच्या सहा आठवड्यांच्या तुलनेत किती, आणि नियमित लिहिणाऱ्यांपैकी कोण गप्प झालं. गप्प झालेल्यांना प्रत्येकी एक खाजगी संदेश पाठवून कारण विचारा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक ग्रुप ते करत नाहीत. पण आरडाओरडा करून जाणाऱ्यांपेक्षा न बोलता जाणाऱ्यांची संख्या जास्त असते, आणि त्यांच्याकडून कळतं ते कुठल्याही मतदानातून कळत नाही.

निम्म्याहून जास्त लेखन पाच-सहाजणांचंच असेल तर दैनंदिन मर्यादा तीनवरून दोनवर आणा. छंदाचे धागे घटले असतील तर दुसऱ्या कप्प्याची खोली बंद करा. पहिला कप्पा मात्र ठेवा, कारण तो छंदाचाच भाग आहे.

धागा बंद करताना

शेवटच्या दिवशी दोन भिन्न मतांच्या सदस्यांनी मिळून दहा ओळींचा गोषवारा लिहावा: कशावर एकमत झालं, कशावर नाही, कोणती माहिती नवी कळली. एकमत ओढूनताणून दाखवू नका. सरकार किंवा नियामक संस्था मसुद्यावर हरकती-सूचना मागवते, तेव्हा हाच गोषवारा कामी येतो. 'आमच्या सदस्यांत यावर दोन मतं आहेत, पण या कलमाने होणारी अडचण दोन्ही बाजू मान्य करतात' असं वाक्य एकसुरी निवेदनापेक्षा खरं असतं. वाद्यांच्या बाबतीत असंच झालं. वादक आणि वाद्य बनवणाऱ्यांनी आपली अडचण सातत्याने मांडली, आणि 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना रोझवुडच्या त्या नियमातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडवरचं कडक संरक्षण तसंच राहिलं.

गोषवारा धाग्याच्या वर चिकटवा, धाग्याला कुलूप लावा, पण तो उडवू नका. दुवा 'धोरण' नावाच्या एका सूचीत टाका. नियम बदलला, नवी तारीख आली किंवा न्यायालयाचा निकाल लागला तर नवा धागा उघडून त्यात जुन्याचा दुवा द्या. नुसतं पुन्हा वाद घालायची इच्छा झाली म्हणून तोच विषय सहा महिन्यांच्या आत उघडू नका.